बाप व्हायला खानदेशात

आमच्या कँटीनमध्ये कोणी गावाला जाऊन आलं की दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्याला मध्ये बसवतात आणि विचारतात, काय पाहिलंस, काय खाल्लंस. मी धुळं-जळगाव करून आलो तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. बोलताना मला घाई होते, आणि घाईत मी शेवटचं आधी सांगून मोकळा होतो. म्हणून बसून लिहितोय. शाळा मी आठवीत सोडली, तेव्हा कुठं अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी मूळचा देवगडकडचा. पुण्यात एका दवाखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला असतो. मनीषा त्याच दवाखान्यात वॉर्डात कामाला होती, तिथंच आमचं जमलं. ती चोपड्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. लग्नाचं कळल्यावर तिच्या घरच्यांनी आधी तोंड फिरवलं. मग वर्षभरानं ते तोंड असं काही वळवलं की आता मला त्यांच्या मायेचीच धास्ती वाटते. माझं शिक्षण नाही, जमीन नाही, भाषा वेगळी. एवढं असून ती माणसं मला डोक्यावर घेतात, त्यामुळे आपण केव्हा पडू याची भीती कायम.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मनीषा तिकडे गेली. दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. फोन आला तेव्हा मी मटकीच्या मोठ्या पातेल्याला फोडणी देत होतो. मी "बरं बरं" म्हटलं आणि फोडणी पुरी केली, कारण मोहरी जळत होती.

त्यानंतर जो तो विचारायचा, "काय, कसं वाटतंय?" मी सांगायचो, "बरं वाटतंय." तापातून उठलेला माणूस सांगतो तसं. खरं म्हणजे आत काहीच झालं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर मनीषा मुलगी दाखवायची. मला निम्मा वेळ छताचा पंखा दिसायचा आणि उरलेला वेळ एक लाल, रागावलेली मूठ. मूठ छान होती. पण बाकीच्या बापांना छातीत की पोटात काहीतरी होत असणार, ते माझ्या बाबतीत राहूनच गेलंय, असं मला वाटायचं. आपल्यात मुळातच काही कमी असेल तर? आणि ते त्या पोरीला कळलं तर?

ही धास्ती घेऊन मी बारशाला निघालो. सुट्टी सहा दिवसांची मिळाली.

धुळे

धुळ्याला मनीषाचे मामा राहतात. त्यांना सगळे आबा म्हणतात. पूर्वी ट्रक चालवायचे, आता दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकना नावं ठेवतात. त्यांनी मला स्टँडवरून उचललं ते थेट पाटावर नेऊन बसवलं.

"कितला वाळी गयात जवाईबापू!" असं म्हणून त्यांनी माझ्यापुढं भाताचा डोंगर करायला लावला. कोकणातला माणूस भाताशिवाय जगत नाही हे त्यांनी कुठंतरी ऐकलेलं. मग शेवभाजी आली. जाड शेव आणि तिच्यावर लाल तर्री. आमच्याकडे तिरफळ घालून केलेली आमटी तिखट समजतात. ती आमटी या तर्रीसमोर पेज म्हणायची. पहिल्या घासाला माझे कान वाजले.

"तिखट नई ना?" आबांनी विचारलं.

आता पहिल्यांदा घरी आलेल्या माणसानं काय सांगावं? "नाही नाही," मी म्हटलं.

"मंग व्हाढ वो आनखी!" आबा आत ओरडले. दुसरी वाटी आली. डोळ्यांतून पाणी आलं तर मामी आबांना हळूच म्हणाल्या, "आपला मान्सं भेटनात म्हनीसन रडी राह्यनात." मी मान डोलावली. माझ्याच्यानं दुसरं काही झालं नसतं.

जेवल्यावर जीभ थोडी जागेवर आली तेव्हा मी धीर करून विचारलं, "आबा, तुम्हाला पहिलं मूल झालं तेव्हा काय वाटलं?"

आबांनी बडीशेप चावत आठवून पाहिलं. "माले? मी तं ट्रक लिसन इंदूरले जायेल व्हतू. वापस उनू तं घरमा पेढा वाटी राह्यंतात. मी बी एक खादा. मंग ईचारं, भो, कसाना पेढा शे?"

"मग?"

"मंग काय. सांगं त्यास्नी. मंग आनखी एक खादा."

मामी आतून म्हणाल्या, "तीन खादात. माले एक बी नई ठेवा." यावर दोघं इतकी हसली की मलाही हसू आलं. पण माझं काम झालं नाही. मला बाप होताना काय होतं ते हवं होतं आणि मला पेढ्यांचा हिशेब मिळाला.

जळगाव

धुळ्याहून चोपड्याला सरळ गाडी आहे. पण मनीषाची धाकटी बहीण भावना जळगावला शिकते, तिलाही बारशाला यायचं होतं, आणि मला एकट्याला सोडलं तर मी मध्य प्रदेशात उतरेन असं सगळ्यांचं मत. म्हणून पारोळा-एरंडोल करत मी जळगावला उतरलो. भावना तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटरवर उभी होती. फक्त डोळे दिसत होते. मी दोनदा तिच्यासमोरून गेलो.

"जिजाजी, तिसऱ्यांदा गेलात तर मी तशीच निघून जाईन," ओढणी म्हणाली.

ती प्राणीशास्त्र शिकते. एवढं शिकलेल्या माणसापुढं मला घाम फुटतो. पण ती मेहुणी आहे, आणि मेहुणी आपली अशी टर उडवते की घाबरायला वेळच राहत नाही. तिनं मला भरीत खायला नेलं. तिथली वांगी हिरवी, लांबोडकी. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात, त्याचा धूर भरतात उतरतो. मी रोज दोन पातेली वांगी शिजवणारा माणूस, पण त्या भरतापुढं गप्प झालो. वर कांद्याची पात, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. पोट भरलं की मी खरं बोलतो, हा माझा दोष आहे.

"भावना, मला मुलगी झाली पण काहीच झालं नाही."

मला वाटलं आता टर उडवेल. पण तिनं भाकरी खाली ठेवली.

"तुम्ही तिला हातात कुठं घेतलंय अजून?"

"मोबाईलवर रोज बघतो."

"मोबाईलला वास येतो का जिजाजी?"

मग तिनं मला समजावलं. मला समजलं तेवढं लिहितो. पुष्कळ प्राण्यांत बाप पिलांकडे बघतही नाही. पण काही प्राणी असे की दोघं मिळून पिलं वाढवतात. काही जातींचे उंदीर आहेत, छोटी माकडं आहेत, पक्षी तर कितीतरी. त्या उंदरांत लग्नाआधीचा नर (हा शब्द माझा) पिलू दिसलं की हुंगून निघून जातो, एखादा चावतोसुद्धा. तोच नर बाप झाला आणि पिलांजवळ राहिला की त्यांच्यावर बसून ऊब देतो, चाटून साफ करतो. त्याच्या मेंदूतच बदल होतो. पिलाच्या वासाला, आवाजाला जागा होणारा भाग जास्त जागा होतो, अंगातले रस बदलतात. माणसांच्या बापांतही असं काही सापडतं म्हणे.

"हे कोण करतं?" मी विचारलं. मला वाटलं डॉक्टर वगैरे.

"पिल्लूच करतं. जवळ असलं की. नुसता बाप झाला म्हणून नाही होत हं, जवळ राहिला तर."

माझ्या छातीवरचं केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! म्हणजे माझ्यात कमी काही नव्हतं. माझा मेंदू अजून पिलापर्यंत पोचलाच नव्हता. आणि लगेच दुसरी धास्ती बसली. "उरलेल्या चार दिवसांत होईल?"

"ते मी कसं सांगू? भरपूर घ्या तिला. रडली तर तुम्हीच उचला, लंगोट बदला, आंघोळ घाला."

आम्ही दोघंही एक गोष्ट विसरलो. मी तिथं बाप म्हणून चाललो नव्हतो, जावई म्हणून चाललो होतो.

चोपड्याकडचं गाव

तापी ओलांडली की दोन्ही बाजूंना केळी सुरू होतात. आमच्याकडे न्हाणीच्या पाण्यावर घरामागं चार केळी वाढतात आणि त्यांचं आम्हाला कौतुक. इथं रस्ता संपेपर्यंत केळीच, आणि मागं सातपुडा निळा.

सासऱ्यांना नाना म्हणतात. मिशा मोठ्या, बोलणं थोडं. सासूबाई अक्का. त्यांचं बोलणं नानांच्या वाटणीचंही. दारात माझ्या पायांवर पाणी घातलं, औक्षण केलं, नव्या गोधडीच्या खाटेवर बसवलं. अक्कांनी मुलगी आणली, माझ्यासमोर धरली. देवळात पुजारी पडदा सरकवतो तसं दर्शन झालं. मला एक नाक दिसलं. मी हात पुढं केले.

"असू द्या, असू द्या, तुम्ही दमेल शेतस," असं म्हणत अक्का तिला घेऊन बाळंतिणीच्या खोलीत गेल्या. आतून ओव्याच्या धुरीचा वास आला आणि दार लागलं.

मग जेवण. मग आराम. मग चहा. मग शेजारचे लोक जावई बघायला. मग जेवण.

मनीषा मधेच दारात येऊन गेली. "खाताय ना नीट?" म्हणाली. मी म्हटलं, "अगं, मला ती हवीय." ती म्हणाली, "मला पण तुम्ही हवे आहात, पण अक्का बघतेय." आणि आत पळाली.

खाटेवरून समोर भिंतीतला कोनाडा दिसायचा. घर धाब्याचं, जुन्या मातीचं, आणि कोनाड्यात पारव्यांचं घरटं. भावना म्हणाली, "दिवसा बसलाय ना, तो बाप. संध्याकाळी आई येते, रात्रपाळी तिची. आणि पारव्यात बापालासुद्धा दूध येतं बरं का. गळ्यातल्या पिशवीत." माझा हात आपोआप गळ्याकडं गेला. तो पारवा माझ्याकडं एका डोळ्यानं बघत होता. त्याला कोणी गोधडी घातली नव्हती, कोणी चहा विचारत नव्हतं. नशीबवान पक्षी.

दुसऱ्या दिवशी मी हालचाल केली. पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो तर स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका पदर घेऊन उभ्या राहिल्या. मी पाणी पिऊन परत आलो. मागल्या दारानं गेलो. तिथं बादलीत लंगोट भिजत पडलेले. मला एवढा आनंद कधी कुठल्या बादलीनं दिला नव्हता. मी बाही वर केली, एक उचलला आणि दगडावर घासायला लागलो.

"अय माय वं!" अक्कांची किंकाळी तीन घरं ऐकू गेली. "जवाईबापूना हातमा लंगोटं! कोनी देखं तं काय म्हनतीन? ठेवा तो आधी!"

"अक्का, मला सवय आहे, मी पातेली..."

"ठेवा!"

मी ठेवला. संध्याकाळी घरात कुजबुज चालली होती. मग नाना बाहेर आले, माझ्याजवळ बसले, बराच वेळ मिशीवरून हात फिरवला.

"काही चुकनं का आमनं?"

"नाही हो नाना."

"मान-पानमा काही कमी पडनं व्हई तं सांगा."

मी किती सांगितलं. पण भल्या माणसाला एकदा वाटलं की आपण कमी पडलो, की त्याची समजूत काढता येत नाही. सकाळी मला शर्ट-पँट, टॉवेल आणि टोपी मिळाली. त्या दिवशी मी अक्कांकडं सरळच मागितलं, "तिला जरा माझ्याकडं द्या ना." अक्कांचा चेहरा पडला. तासाभरात घरभर झालं की जावई मनीषाला लगेच पुण्याला न्यायचं म्हणतोय. यावर मला चांदीची अंगठी मिळाली. मी भावनाला म्हटलं, "आता मी काही मागितलं तर तुझे बाबा बैल देतील."

"मग सांगू का मी त्यांना, मेंदूचं?"

"नको. जावयाच्या मेंदूत काहीतरी आहे एवढंच त्यांना कळेल."

हसत होतो, पण आतून मी घाबरलो होतो. सुट्टीचे तीन दिवस गोधडीवर गेले होते. मी तिला अजून हातात घेतलेलं नव्हतं.

बारसं

बारशाला मांडे होते. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगतो. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण पोळपाटावर लाटत नाहीत. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर घेऊन झुलवत झुलवत वाढवतात. तो मनगटावरून कोपरापर्यंत येतो, पातळ होतो, आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकतात. एकदा हातावर घेतला की मध्ये थांबता येत नाही. थांबलात की फाटला. मी स्वयंपाकी आहे, पण मागच्या अंगणात हे बघताना मी दोन्ही हात जोडून उभा होतो. इथं उभं राहायला मात्र कोणी हरकत घेतली नाही. जावई मांड्यांचं कौतुक करतोय म्हटल्यावर सगळ्या खूश.

खापरं तीन चढवलेली. अक्का, त्यांच्या दोन जावा आणि भावना, चौघींच्या हातांवर मांडे. मनीषा न्हाणीत, अंगाला तेल लावून, कढत पाण्याखाली. आणि आत पाळण्यात माझी मुलगी उठली.

आधी कुरकुर. मग एकदम टाहो.

अक्कांनी मान वळवली. हात वळवता येईनात, त्यावर पोळी लोंबत होती. "भावना, जाय!" "माझ्या हातावर आहे, अक्का!" जावांकडं बघितलं, त्या चुलीपुढं मांडा टाकायच्या बेतात. "मनी वं!" न्हाणीतून आवाज आला, "डोळ्यांत साबण आहे!" टाहो वाढला. अक्कांनी नानांकडं पाहिलं. नाना लाकडं आणून देत होते. ते दोन पावलं मागं सरकले.

मग अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. हातावरचा मांडा एका कडेनं फाटायला लागला होता. घराण्याची अब्रू एका बाजूला, मांडा दुसऱ्या बाजूला.

"जवाईबापू," त्या म्हणाल्या, "धरा मंग तिले!"

मी धावलो म्हणजे उंबऱ्याला ठेचकाळून धावलो. पाळण्यातून तिला उचललं. केवढीशी! कांद्याच्या पिशवीएवढंही वजन नाही. पण पिशवी अशी वळवळत नाही. मी तिला छातीशी धरून ओट्यावर आलो, येरझाऱ्या घालायला लागलो. काय बोलावं कळेना, म्हणून आमच्याकडची भाषा बोललो. "गप गे माझे बाय, गप रव." तिनं रडणं थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं, ही कुठली भाषा म्हणून. मग माझ्या नव्या शर्टावर ऊबदार ओल पसरली.

तिच्या डोक्याला एक वास होता. तेलाचा, धुरीचा आणि आणखी कशाचा तरी. मी हुंगत राहिलो. वीज वगैरे काही चमकली नाही. पण मांडे संपेपर्यंत मी तिला खाली ठेवलं नाही, आणि ठेवायचं असतं हे मला आठवलंही नाही.

नाना जवळ येऊन उभे होते. "डोकं धरा, मान कच्ची शे," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "मी आपल्या दोन्ही पोरी कधी अशा लिध्यात नईत."

"का हो?"

"मायबाप समोर आपलं पोर उचलाले लाज वाटे. तशी पद्धतच व्हती." त्यांनी बोट पुढं केलं. तिनं ते पकडलं. नाना तसेच वाकून उभे राहिले. बोट सोडवून घ्यायचं त्यांना सुचलं नाही, लाकडांचीसुद्धा आठवण राहिली नाही. चुलीपुढून अक्का ओरडत होत्या, "लाकडं आना वं कोनी!"

नाव ठेवायला माझी बहीण येऊ शकली नाही. आत्याचा मान म्हणून फोन पाळण्याला लावला. तिकडून देवगडचा वारा आणि मधेच "रेवा". सगळ्यांनी पाळण्याला हात लावला, आणि दुपारी मांडे दूध-तुपाबरोबर. मी किती खाल्ले ते लिहीत नाही.

त्यानंतर अक्कांनी मला अडवलं नाही. परवानगीही दिली नाही. फक्त मी आत शिरलो की त्या दुसरीकडं बघायच्या. दोघांचीही अब्रू राहिली. संध्याकाळी ओट्यावर गावातली चार-पाच तान्ही होती, एकामागून एक रडत होती. मी पुरुषांत बसून कपाशीचं बोलणं ऐकत होतो. एकदम उठलो आणि आत गेलो. उठल्यावर माझ्या लक्षात आलं की ह्या वेळचं रडणं रेवाचं होतं. पाय आधी उठले, मला नंतर कळलं.

भावना दारात होती. "काय जिजाजी? झाला का बदल?"

"सरक गं," मी म्हटलं, "ती ओली आहे."

निघताना

सकाळची एसटी गावाच्या फाट्यावरून जाते. सगळे सोडायला आले, रेवाला मीच घेऊन आलो. केळीचा घड, ज्वारीच्या पापडांचा, म्हणजे बिबड्यांचा, डबा, मांड्यांची चवड, सगळं बांधून माझ्या बॅगेशेजारी ठेवलं. मनीषाचे डोळे भरलेले. अजून दोन-तीन महिने ती तिथंच राहणार. मला पुन्हा धास्ती. इतक्या दिवसांत मेंदू परत पहिल्यासारखा झाला तर? भावनाला विचारलं. ती म्हणाली, "मला नाही माहीत जिजाजी. खरंच नाही माहीत."

नानांनी ते ऐकलं असावं. म्हणाले, "सुट्टी भेटनी का येत जा. जवाई म्हनीसन उनात तं आमले बठ्ठं मान-पान करनं पडस. बाप म्हनीसन या. मंग खाट नई भेटाव."

मी त्यांच्या पाया पडलो, अक्कांच्या पडलो. घाईत भावनाच्याही पडायला वाकलो, तिनं मागं उडी मारली. एसटी आली. धूळ, गडबड, "चला चला, बसा लवकर". मी चढलो, खिडकीजवळची जागा धरली, कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली.

आणि मागं सगळा फाटा ओरडायला लागला. अक्का पदर हलवत धावत होत्या, मनीषा हसत होती की रडत होती कळत नव्हतं, नानांच्या हातात माझी बॅग. बॅग राहिली, मला वाटलं. मी हात हलवून सांगायला गेलो आणि हात मोकळा नव्हता.

कंडक्टर माझ्यापुढं येऊन उभा राहिला. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्या छातीशी झोपलेल्या गाठोड्याकडं पाहिलं. "ओ भाऊ, हे पोर कोणाचं?"

"माझं," मी म्हटलं.